रॉड्रिग्ज ह्या आडनांवाची कुळकथा

मनुष्यास वाडवडिलांकडून जे जे वारसे मिळतात, त्यांत आडनांव हा एकच वारसा असा आहे कीं, वांटणी केल्यानें तो घटत नाहीं. चार भाऊ वांटणीस बसले म्हणजे जमिनीचे चार तुकडे होतात, दागिने मोडावे लागतात. आडनांव मात्र दहा मुलांस दिलें तरी प्रत्येकाच्या पदरीं तें सबंधच पडतें. म्हणूनच कीं काय, ज्या वस्तूविषयीं भांडण होत नाहीं तिची विचारपूसहि फारशी कोणी करीत नाहीं. आपण जन्मभर तें नांव लिहितों, मुलाबाळांस देतों, थडग्यावरहि कोरवितों. परंतु तें कोठून आलें, हें विचारावयाचें राहून जातें.

ज्युबिलीच्या निमित्तानें आपल्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या पुन्हां एकवार चाळावयास घेतल्या म्हणजे हा प्रश्न आपोआप समोर उभा राहतो. एकाच पानावर रॉड्रिग्ज, फर्नांडिस, गोन्साल्विस, डिसोझा, परेरा हीं नांवें आहेत. त्यांच्याच शेजारीं गायकवाड, साळवे, कांबळे हीं आहेत. आणि खालीं केरळ व तामीळ देशांतून आलेल्या बंधूंचीं, ज्यांत बापाचें नांव तेंच मुलाचें उपनांव होतें, अशीं नांवें आहेत. हें पाहून आपल्यांतील तरुण मंडळी धर्मगुरूंस वारंवार विचारतात कीं, ‘आमचें आडनांव परकें कां? शाळेंत व कचेरींत लोक आम्हांस परदेशी समजतात, त्यांस काय उत्तर द्यावें?’ ह्याच्या उलट दुसरा एक वर्ग आहे. त्यास ह्याच आडनांवाचा भलताच अभिमान वाटतो, आणि आपल्या अंगांत पोर्तुगीज सरदारांचें रक्त खेळत आहे असें तो मानतो. एकास लाज वाटते, दुसऱ्यास दिमाख चढतो. इतिहास पाहूं जातां दोघांच्याहि समजुतीस आधार नाहीं. तें कसें, हें एकाच नांवाचा माग काढून दाखवावें म्हणून ‘रॉड्रिग्ज’ हें सर्वांच्या ओळखीचें आडनांव प्रस्तुत लेखासाठीं निवडलें आहे.

आरंभींच एक गोष्ट सांगून टाकणें बरें. हें आडनांव आपणांस पोर्तुगीजांकडून मिळालें हें खरें. परंतु मूळचें तें पोर्तुगीजांचेंहि नव्हे. तें जर्मन कुळांतील नांव आहे. येथें ‘जर्मन’ म्हणजे आजचें जर्मनी नांवाचें राष्ट्र असें समजावयाचें नाहीं. ज्यांच्या भाषांपासून जर्मन, डच, इंग्रजी, स्वीडिश इत्यादि भाषा झाल्या किंवा ज्यांच्या भाषा ह्या भाषांच्या बहिणी होत्या, त्या प्राचीन लोकसमूहाचें हें नांव होय. त्या समूहांतील गॉथ नांवाच्या लोकांनीं तें आपल्याबरोबर पश्चिमेस नेलें.

नांवाचा अर्थ

मूळ नांव ‘रोदेरिक्’. लॅटिन लेखकांनीं त्याचें ‘रोदेरिकुस’ किंवा ‘रुदेरिकुस’ असें रूप केलें. तें दोन शब्दांचें बनलेलें आहे. पहिला शब्द ‘ह्रोथ’ किंवा ‘ह्रोद’. त्याचा अर्थ कीर्ति, यश. दुसरा ‘रीक्’, त्याचा अर्थ सत्ताधीश, राजा. जर्मन लोकांत असे दोन भारदस्त शब्द जोडून मुलाचें नांव ठेवण्याची चाल होती. रॉबर्ट, रुडॉल्फ, रॉजर ह्या नांवांतहि पहिला शब्द हाच आहे. हेन्री, फ्रेडरिक ह्यांत दुसरा आहे. रशियाच्या प्राचीन राजघराण्याचा मूळ पुरुष रुरिक म्हणून जो सांगतात, त्याचें नांवहि ह्याच ‘रोदेरिक्’चें उत्तरेकडील रूप होय.

आतां एक मौजेची गोष्ट पाहावी. भाषाशास्त्रज्ञांचें असें सांगणें आहे कीं, ह्या दोन्ही शब्दांचे सोयरे आपल्या संस्कृत भाषेंत आहेत. ‘रीक्’ हा शब्द जर्मन लोकांनीं त्यांच्या शेजारच्या केल्ट लोकांकडून घेतला, आणि केल्टांचा ‘रीक्स’, लॅटिन भाषेंतील ‘रेक्स’ व आपला ‘राजन्’ हे एकाच घराण्यांतील शब्द आहेत. ‘ह्रोथ’ ह्याचें नातें ज्या धातूशीं लावितात, त्याचा अर्थ ‘वाखाणणें’, आणि त्याच धातूपासून आपला ‘कीर्ति’ हा शब्द निघाला आहे. संस्कृतांतील ‘क’ जर्मन भाषांत ‘ह’ होतो, हा नियम याकोब ग्रिम ह्या जर्मन पंडितानें १८२२ सालीं मांडलेल्या प्रसिद्ध वर्णपरिवर्तनाचाच एक भाग आहे. संस्कृतांतील प्रश्नार्थक ‘कः’ गॉथिक भाषेंत ‘ह्वस्’ होतो तो ह्याच नियमानें. तेव्हां ‘रोदेरिक्’ ह्याचें शब्दशः मराठी करावयाचें झाल्यास ‘कीर्तिराज’ असें करावें लागेल. ज्या तरुणास आपलें आडनांव कानास परकें लागतें, त्यानें एवढें लक्षांत ठेवावें कीं, तें दूरच्या मार्गानें आलेलें आपल्याच नात्यांतील नांव आहे.

गॉथ लोकांचा प्रवास

गॉथ लोक इसवी सनाच्या चौथ्या शतकांत डॅन्यूब नदीच्या उत्तरेस राहत होते. त्यांचा बिशप वुल्फिला ह्यानें त्याच शतकांत पवित्र शास्त्राचें गॉथिक भाषेंत भाषांतर केलें; जर्मन कुळांतील कोणत्याहि भाषेंतील हा सर्वांत जुना मोठा ग्रंथ होय. हूण लोकांच्या स्वाऱ्यांनीं त्रस्त होऊन गॉथांच्या एका मोठ्या समूहानें ३७६ सालीं डॅन्यूब ओलांडून रोमन साम्राज्यांत आश्रय घेतला. निर्वासित म्हणून आलेल्या ह्या लोकांस रोमन अधिकाऱ्यांनीं नीट वागविलें नाहीं, अन्नासाठीं नाडलें, आणि त्याचें पर्यवसान युद्धांत झालें. ४१० सालीं त्यांनीं प्रत्यक्ष रोम शहर लुटलें. पुढें ते आजच्या फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांत स्थायिक झाले. ५०७ सालीं फ्रँक लोकांकडून पराभव पावल्यावर त्यांनीं स्पेनकडे तोंड वळविलें, व टोलेडो ही त्यांची राजधानी झाली. त्यांस पश्चिमगॉथ किंवा व्हिसिगॉथ म्हणतात.

हे लोक ख्रिस्ती होते, परंतु आरियसाच्या पाखंड मताचे. राजा रेक्कारेद ह्यानें ५८७ च्या सुमारास कॅथॉलिक धर्म स्वीकारला व ५८९ सालच्या टोलेडोच्या तिसऱ्या धर्मपरिषदेंत त्याची जाहीर ग्वाही दिली. त्याचा भाऊ हेर्मेनेगिल्द ह्यास ५८५ सालीं मरण आलें, व तो हुतात्मा म्हणून पूजिला जातो. आपल्यांतील मेंडिस आडनांवाच्या कुटुंबांस हें ऐकून नवल वाटेल कीं, हें आडनांव ज्या ‘मेंदो’ नांवापासून झालें, तें ह्याच हेर्मेनेगिल्द नांवाचा झिजून झालेला आकार आहे असें मानतात. फर्नांडिस, गोन्साल्विस, हेन्रीक्स हीं आडनांवेंहि अशाच गॉथिक किंवा इतर जर्मन नांवांपासून झालेलीं आहेत. डिसिल्वा व परेरा मात्र लॅटिन मुळाचीं आहेत. पहिल्याचा अर्थ रान, दुसऱ्याचा नासपतीचें झाड. डिसोझा हें उत्तर पोर्तुगालांतील सोझा नदीकांठच्या प्रदेशावरून आलें, आणि आल्मेडा हें अरबी मुळाचें. म्हणजे आपण ज्यांस सरसकट पोर्तुगीज म्हणतों, त्या नांवांत गॉथ, रोमन व अरब असे तीन निरनिराळे लोक बोलत आहेत.

व्हिसिगॉथांचा शेवटला प्रसिद्ध राजा रोदेरिक् हाच होय. ७११ सालीं तारिकच्या सैन्यानें जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडली व ग्वादालेतेच्या लढाईंत राजाचा पराभव झाला. त्याच्या नांवाचीं नाणीं उपलब्ध आहेत. तीं जेथें पाडलीं गेलीं त्यांपैकीं एक टांकसाळ आजच्या पोर्तुगालांतील इदान्या ह्या गांवीं होती. त्याची कबर पोर्तुगालांतील विझेउ येथें सांपडल्याची हकीकत नवव्या शतकाच्या एका बखरींत आहे. राज्य गेलें, गॉथिक भाषा लोपली, नांव मात्र उरलें. किंबहुना राज्य बुडाल्यावरच तें अधिक पसरलें. कारण उत्तरेकडील डोंगरांत जीं लहान ख्रिस्ती राज्यें टिकलीं, त्यांनीं आपण गॉथांचे वारस आहों असा अभिमान बाळगला व आपल्या मुलांस तींच नांवें दिलीं. दक्षिणेंत मुसलमानी अमलाखालीं कॉर्डोव्हा येथें ८५७ सालीं रोद्रिगो नांवाच्या एका धर्मगुरूस श्रद्धेसाठीं मरण पत्करावें लागलें; मार्च महिन्याच्या १३ तारखेस त्याचा सण येतो. ज्या कुटुंबांचें हें आडनांव आहे त्यांनीं तो दिवस ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

नांवाचें आडनांव झालें

येथवर ‘रोद्रिगो’ हें केवळ व्यक्तीचें नांव होतें. त्याचें आडनांव कसें झालें, हा कथेचा पुढील भाग. स्पेन व पोर्तुगाल ह्या देशांत बापाच्या नांवास एक शेंपूट जोडून मुलाचें उपनांव करीत. स्पॅनिश भाषेंत तें ‘एज्’ व पोर्तुगीज भाषेंत ‘एश्’ असें उच्चारिलें जातें. रोद्रिगोचा मुलगा तो रोद्रिगेश, फर्नांदोचा तो फर्नांदेश, गोन्सालोचा तो गोन्साल्वेश. आरंभीं हें उपनांव पिढीगणिक बदले. स्पेनचा विख्यात वीर एल् सिद्, जो १०९९ सालीं व्हॅलेन्सिया येथें मरण पावला, त्याचें खरें नांव रोद्रिगो दीयाझ. कारण त्याच्या बापाचें नांव दिएगो. बापाचें उपनांव दीयाझ नव्हतें, लायनेझ होतें; कारण आजोबाचें नांव लाइन. पुढें हळूहळू ही बदलण्याची चाल मोडली आणि जें उपनांव ज्या पिढींत होतें तेंच वंशपरंपरा चालूं लागलें. ट्रेन्ट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं प्रत्येक धर्मग्रामांत विवाहांची नोंदवही ठेवावी व बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्ममातापित्यांचीं नांवें टिपून घ्यावीं असा नियम केला, त्यानेंहि नांवें स्थिर होण्यास मदत झाली. एकदां शाईनें लिहिलेलें नांव जिभेच्या मर्जीनुसार बदलणें कठीण होतें.

ह्या रीतीचें मर्म समजून घेण्यास आपणांस युरोपांत जाण्याची गरज नाहीं. उल्हासनगरांत आपल्या शेजारीं राहणाऱ्या सिंधी बांधवांचीं आडनांवें पाहावीं. कृपलानी म्हणजे कृपालचे वंशज. त्यांतील ‘आनी’ आणि रॉड्रिग्जमधील शेवटलें अक्षर हीं एकच कामगिरी करतात. दोन्ही आडनांवें एवढेंच सांगतात कीं, आमचा एक पूर्वज होता व त्याचें नांव आम्हीं टाकलेलें नाहीं. मराठी हिंदु समाजांतहि मुलाच्या नांवापुढें बापाचें नांव लिहितात. मात्र तेथें तें मधें राहतें, आणि आडनांव बहुधा गांवावरून, धंद्यावरून किंवा वतनावरून पडलेलें असतें.

नांव एकदां सार्वत्रिक झालें म्हणजे तें कोणा एका कुळाचें राहत नाहीं. रोद्रिगो नांवाचे बाप हजारों होते, म्हणून रोद्रिगेश हीं घराणींहि हजारों झालीं. त्यांचा एकमेकांशीं रक्ताचा संबंध असण्याचें कारण नाहीं. त्यांत भर अशी कीं, १४९७ सालीं पोर्तुगालच्या राजा मानुएल ह्यानें आपल्या राज्यांतील यहुदी लोकांस सक्तीनें बाप्तिस्मा घ्यावयास लाविलें, तेव्हां त्यांतील अनेकांनीं लोकांत सहज मिसळून जाईल असें हेंच आडनांव घेतलें. सोळाव्या शतकांतील प्रसिद्ध वैद्य आमातो लुसितानो हा यहुदी होता, आणि त्याचें बाप्तिस्म्याचें नांव जुवांव रोद्रिगेश असें होतें. पोर्तुगीज गलबतांबरोबर हें आडनांव ब्राझिलांत गेलें, स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिका खंडाच्या इतर भागांत गेलें. संयुक्त संस्थानांच्या २००० सालच्या जनगणनेंत देशांतील सर्वांत अधिक आढळणाऱ्या पहिल्या दहा आडनांवांत रॉड्रिगेझ हें एक होतें. हिंदी महासागरांत मॉरिशसच्या पूर्वेस रॉड्रिग्ज नांवाचें बेट आहे. तेंहि दिओगो रोद्रिगेश ह्या पोर्तुगीज नावाड्यावरूनच, आणि १५२८ साल त्याच्या तेथील भेटीचें म्हणून सांगतात.

वसईच्या किनाऱ्यावर

आपल्या कोंकणपट्टींत ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांच्या आधींच ज्ञात होता. ठाणें येथें १३२१ सालीं फ्रान्सिस्कन संघाच्या हुतात्म्यांनीं रक्त सांडलें. परंतु हीं आडनांवें येथें आलीं तीं सोळाव्या शतकांतच. १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथच्या सुलतान बहादुरशहानें वसई व तिचा प्रांत पोर्तुगीजांस दिला. त्यांच्या मागून फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डोमिनिकन व ऑगस्टिनियन संघांचे पाद्री आले. येशूसंघाच्या पहिल्या सोबत्यांत रोद्रिगेश आडनांवाचा एक पुरुष होता हें पुष्कळांस ठाऊक नसेल. संत फ्रान्सिस झेवियर व सिमांव रोद्रिगेश हे दोघेहि पूर्वेकडे जाण्यासाठीं १५४० सालीं लिस्बन येथें आले. राजानें सिमांवास पोर्तुगालांतच ठेवून घेतलें व झेवियर १५४१ सालीं पुढें निघाले. रोद्रिगेश राहिला, पण त्याचें आडनांव आलें.

बाप्तिस्म्याच्या वेळीं नवख्रिस्ती मनुष्यास संताचें नांव मिळे, आणि आडनांव बहुधा धर्मपित्याचें किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचें मिळे. एकाच दिवशीं अनेक कुटुंबांचा बाप्तिस्मा झाला तर एकच आडनांव अनेकांस पडे. वसई, साष्टी व ठाण्याच्या भागांत शेजारच्या दोन घरांचें आडनांव एक असून सोयरसुतक नाहीं, असें जें आढळतें, त्याचें कारण हेंच. भातशेती करणारा, मासे धरणारा, ताडी काढणारा, ब्राह्मण, कुणबी, कोळी, भंडारी असे सर्वजण एकाच पानावर आले. तेव्हां रॉड्रिग्ज हें आडनांव पाहून कोणी पोर्तुगीज रक्ताचें अनुमान काढील तर तें चुकीचें होईल. क्वचित् घराण्यांत तसा संबंध असेलहि. वसईचे संत गोन्सालो गार्सिया ह्यांचे वडील पोर्तुगीज व आई वसईची होती. परंतु बहुतेकांच्या बाबतींत आडनांव समुद्रावरून आलें, रक्त येथल्याच मातीचें राहिलें. संत गोन्सालो १५९७ सालीं नागासाकी येथें क्रुसावर हुतात्मा झाले व १८६२ सालीं त्यांस संतपद मिळालें. त्यांचें ‘गोन्सालो’ हें नांवहि मूळचें जर्मन असून त्याचा पहिला अर्धा शब्द ‘गुंद’, म्हणजे युद्ध, असा आहे. ज्याच्या नांवांतच युद्ध आहे त्या पुरुषानें शस्त्र न उचलतां मरण स्वीकारलें.

ह्या इतिहासांतील सर्वच गोष्टी उजळ आहेत असें कोणी म्हणूं नये. सत्तेच्या छायेखालीं जें धर्मप्रसाराचें कार्य होतें त्यांत श्रद्धा किती, लोभ किती व भय किती, हें मोजणारा तराजू आपल्यापाशीं नाहीं. नव्या नांवाबरोबर जुनें कुळनांव वहींतून गळालें, आणि त्याबरोबर किती तरी घराण्यांची मागील आठवण पुसली गेली, ही हानि खरीच आहे. गांवांत माणसें ओळखण्यासाठीं लोकांनीं घराण्यांस जीं घरगुती नांवें ठेविलीं, त्यांवरून त्या आठवणीचा थोडासा धागा आजहि हातीं लागतो.

परंतु ह्याबरोबर दुसरीहि एक गोष्ट तोलून पाहावी. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला जिंकला व ह्या प्रांतांतील पोर्तुगीज अंमल संपला. त्या दिवसापर्यंत ह्या सत्तेस दोनशें चार वर्षें झालीं होतीं. त्यानंतर आजवर पावणेतीनशेंहून अधिक वर्षें लोटलीं. म्हणजे पोर्तुगीजांच्या राज्यांत हीं आडनांवें जितकीं वर्षें राहिलीं, त्याहून कितीतरी अधिक वर्षें तीं पोर्तुगीजांवांचून राहिलीं आहेत. पेशव्यांच्या अमलांत रॉड्रिग्ज म्हणवून घेण्यांत कोणताहि लाभ नव्हता; तरी लोकांनीं तें टाकलें नाहीं. देणाऱ्याचा हेतु कांहींहि असो, दोन शतकांनंतर ठेवून घेणाऱ्यांनीं तें आपखुषीनें ठेविलें. त्या क्षणापासून तें त्यांचें स्वतःचें झालें. आणि हें आडनांव वाहतांना त्यांनीं आपली भाषाहि टाकली नाहीं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांची अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्र्याण्णवाव्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून निवड झाली, व तें अधिवेशन २०२० सालीं उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, येथें भरलें. पोर्तुगीज आडनांव व मराठी वाणी ह्यांत विरोध नाहीं, ह्याचा ह्याहून ठळक दाखला कोणता द्यावा?

उल्हासेच्या खोऱ्यांत

आपली उल्हास नदी सह्याद्रीच्या डोंगरांत उगम पावून बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगरच्या बाजूनें कल्याणास येते व पुढें खाडी होऊन वसईच्या किल्ल्यापाशीं समुद्रास मिळते. पाणी डोंगराकडून वसईकडे जातें. रॉड्रिग्ज हें आडनांव मात्र वसईकडून डोंगराकडे, प्रवाहाच्या उलट दिशेनें आलें. त्यास चार शतकें लागलीं, आणि तें एकाच वाटेनें आलें नाहीं.

एक वाट वसई, साष्टी व ठाण्याची, जिच्यावरून जुने मराठी भाषी कॅथॉलिक आले. ह्यांतील मुंबई-ठाण्याकडील समाजानें १८८७ सालीं, राणी व्हिक्टोरिया हिच्या ज्युबिलीच्या वर्षीं, स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ असें नांव घेतलें; त्यांचें आडनांव व गोमंतकीयांचें आडनांव एकच असल्यामुळें होणारा घोंटाळा टाळावा हा त्यांतील एक हेतु होता. दुसरी वाट गोमंतकाची. तिसरी मंगळूरची, गोमंतकांतून पूर्वींच कानडा जिल्ह्यांत गेलेलीं हीं कुटुंबें, ज्यांच्या पूर्वजांस टिपू सुलतानानें १७८४ सालीं श्रीरंगपट्टणास बंदींत नेलें व १७९९ सालीं टिपूचा अंत झाल्यावरच ज्यांची सुटका झाली. तिन्ही वाटांनीं आलेले रॉड्रिग्ज आज आपल्या मंदिरांत एकाच बांकावर बसतात. एक मराठी बोलतो, दुसरा गोव्याची कोंकणी, तिसरा मंगळूरची कोंकणी, आणि तिघांनाहि जोडणारा धागा एका गॉथ राजाच्या नांवाचा आहे.

ह्या खोऱ्यांत लोकांस आणलें तें आधीं आगगाडीनें. १८५४ सालीं लोहमार्ग कल्याणास पोंचला व १८५६ सालीं बदलापुरावरून खोपोलीकडे गेला. नंतर कारखान्यांनीं आणलें. अंबरनाथचा आगपेट्यांचा व आयुधांचा कारखाना, शहाडचा रेयॉनचा कारखाना, ह्यांच्या भोंग्यांवर कित्येक कुटुंबांचे दिवस मोजले गेले. आणि शेवटीं मुंबईंत जागा महाग झाल्यामुळें जी गर्दी पूर्वेकडे सरकली, तिनें बदलापूरपर्यंत वस्ती नेली. ज्या भूमीवर आपण राहतों तिचीं नांवेंहि अशींच घडलेलीं आहेत. दुसऱ्या महायुद्धांतील कल्याण छावणीच्या बराकींत १९४७ नंतर सिंधचे निर्वासित आले, आणि १९४९ च्या ऑगस्टच्या ८ तारखेस गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्तें कोनशिला बसून त्या छावणीचें उल्हासनगर झालें. डॅन्यूब ओलांडून आलेल्या गॉथांची हकीकत वाचतांना ह्या गांवच्या रहिवाशांस ती दूरची वाटूं नये. घर मागें टाकून आलेल्या माणसापाशीं नेण्यासारखी जी थोडी वस्तु असते, तींत नांव ही एक असते.

जर्मन धर्मगुरु आणि मराठी आडनांवें

ह्या कथेस एक उत्तरार्ध आहे, आणि तो सांगितल्यावांचून ती पुरी होणार नाहीं. खरेखुरे जर्मन लोक आपल्या महाधर्मप्रांतांत आले ते एकोणिसाव्या शतकांत. १८५० नंतरच्या दशकांत मुंबईचें मिशन जर्मन येशूसंघीयांकडे सोंपविण्यांत आलें. बर्लिनचे बिशप मॉयरिन, पुढें आर्चबिशप डालहॉफ व आर्चबिशप युर्गेन्स हे त्यांच्यांतलेच. १८६९ सालचें सेंट झेवियर्स कॉलेज ही त्यांचीच कामगिरी. बिशप मॉयरिन मुंबईहून पुढें मॉरिशसच्या पोर्ट लुई येथें गेले, आणि रॉड्रिग्ज बेट तेव्हां त्याच धर्मप्रांतांत मोडत असे.

ह्याच जर्मन धर्मगुरूंनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, जिल्ह्याच्या खेड्यांत कार्य आरंभिलें. फादर ओटो वाइसहाउप्ट ह्यांचें नांव त्या भागांत आजहि आदरानें घेतात. दुष्काळ व अस्पृश्यता ह्यांनीं गांजलेले लोक त्यांच्याकडे आले, ख्रिस्ती झाले, त्यांचीं मुलें शाळेंत गेलीं. परंतु त्यांस कोणी वाइसहाउप्ट किंवा डालहॉफ केलें नाहीं. ते गायकवाड होते ते गायकवाड राहिले, साळवे होते ते साळवे राहिले; बाप्तिस्म्यानें योसेफ, मार्था हें नांव मिळालें, कुळाचें नांव तसेंच राहिलें. १९१४ सालीं महायुद्ध पेटल्यावर सरकारनें जर्मन धर्मगुरूंस शत्रुराष्ट्राचे म्हणून नजरकैदेंत ठेविलें व पुढें मायदेशीं पाठविलें. आर्चबिशप युर्गेन्स १९१६ सालीं निवर्तले. त्यांचें एकहि आडनांव आपल्या लोकांत उरलें नाहीं.

म्हणजे चमत्कार असा झाला कीं, पोर्तुगीज आले ते नकळत जर्मन नांवें देऊन गेले. आणि जर्मन आले ते जाणूनबुजून मराठी नांवें राखून गेले. ह्या दोन्ही रीतींचीं फळें आज आपल्या एकाच नोंदवहींत आहेत. पहिल्या रीतीनें आलेल्यास परका म्हणावें, किंवा दुसऱ्या रीतीनें आलेल्यास कमी प्रतीचा ख्रिस्ती समजावें, हे दोन्ही दोष आपल्या समाजांत अधूनमधून डोकें वर काढतात. कांहीं जणांस पोर्तुगीज वळणाच्या आडनांवांत कुलीनता दिसते, आणि विवाह ठरवितांना गायकवाड हें नांव ऐकून ते नाक मुरडतात. त्यांस हा इतिहास एवढेंच विचारतो कीं, ज्या आडनांवाचा तुम्हांस गर्व आहे तें तुमच्या पूर्वजानें कमावलेलें कीं त्यास दिलेलें? आणि जें नांव त्यास दिलें गेलें तें तरी देणाऱ्याचें होतें काय? ज्यानें आपलें जुनें नांव राखलें त्यास कमी लेखण्याचा अधिकार ज्याचें गेलें त्यास खचित नाहीं.

आतां तरुण मंडळींच्या प्रश्नाचें उत्तर. ‘आमचें आडनांव परकें कां?’ ह्यास उत्तर असें कीं, जगांत असें नांव क्वचितच असेल जें प्रवास केल्यावांचून आपल्या दारीं आलें. हें गॉथांचें होतें, स्पेनचें झालें, पोर्तुगालचें झालें, यहुद्यांनीं संकटांत पांघरलें, आणि साडेचारशें वर्षांहून अधिक काळ कोंकणांतील शेतकऱ्यानें व कोळ्यानें तें आपल्या घामानें भिजविलें. तें टाकावें असें ज्यास वाटेल त्यास कोणी अडवीत नाहीं. परंतु लाजेनें टाकूं नये, आणि फुशारकीनें मिरवूंहि नये. तें कसें आलें हें ठाऊक असूं द्यावें, म्हणजे विचारणाऱ्यास दोन वाक्यांत शांतपणें सांगतां येईल.

एक विनंति करून हा लेख पुरा करतों. घरांत जे वृद्ध आहेत त्यांना, ते हयात आहेत तोंवर, आपलें मूळ गांव कोणतें, गांवांत घराण्यास काय म्हणत, आईच्या माहेरचें आडनांव काय, हें विचारून एका वहींत लिहून ठेवावें, व मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळीं ती माहिती धर्मगुरूंसहि सांगावी. रॉड्रिग्ज असो कीं गायकवाड, थॉमस असो कीं मेंडिस, सर्वांनीं तसें करावें. पुढील ज्युबिलीच्या वेळीं जो कोणी ह्या वह्या उघडील, त्यास आपल्या लोकांची कुळकथा शोधण्यासाठीं डॅन्यूबच्या तीरापर्यंत जावें लागूं नये. प्रभु आपल्या सर्व कुटुंबांस आशीर्वाद देवो, आणि आपलीं सर्वांचीं नांवें त्याच्या पुस्तकांत लिहिलेलीं असोत.